अंधेरी ते बोरिवली एवढी वाट

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये वाचले जाणारे शुभवर्तमान कुठे थांबते, याकडे तुमचे कधी लक्ष गेले आहे? योहानाच्या विसाव्या अध्यायातली पहिली नऊ वचने त्या दिवशी वाचतात. मग्दालीया मरीया अंधारातच कबरेकडे जाते, धोंड सरकवलेली पाहते, धावत परत येते. मग पेत्र आणि दुसरा शिष्य धावतात. दुसरा आधी पोहोचतो, पण आत मागाहून जातो. गुंडाळून ठेवलेली वस्त्रे बघतो आणि विश्वास ठेवतो. त्यानंतरच्या शेवटच्या वचनात योहान सांगतो की, येशूने मेलेल्यांतून उठणे अगत्याचे होते हे शास्त्र त्यांना अजून उमगलेले नव्हते. वाचक तिथेच थांबतो आणि पुस्तक मिटतो.

वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाचे वाचन 'अजून कळले नव्हते' या कबुलीवर संपते, हे ऐकू यायला मला खूप वर्षे लागली. तोवर मनात बाहेरच्या गर्दीचा, नव्या कपड्यांचा, मार्झिपानच्या अंड्यांचा विचार सुरू झालेला असायचा.

अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात आम्ही दहाबारा जण दर बुधवारी संध्याकाळी शास्त्र वाचायला बसतो. त्यांत निवृत्त कारकून आहेत, दोन नर्स आहेत, कॉलेजातली मुले आहेत आणि अक्षरओळख नसलेली एक आजी आहे. उपवासकाळ सरला की दरवर्षी कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच तेच सांगते: 'गुड फ्रायडे मला कळतो, रडूही येते. ईस्टर मात्र कळत नाही.' हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुमचा हा अनुभव वेगळा नाही. पहिल्या साक्षीदारांचाही तोच होता, आणि चारही शुभवर्तमानकारांनी तो लपवलेला नाही.

मार्काच्या नवव्या अध्यायात तीन शिष्य डोंगरावरून उतरताना आपापसांत विचारतात की 'मेलेल्यांतून उठणे' म्हणजे नेमके काय. येशू शेजारीच चालतो आहे, तरी त्याला विचारत नाहीत. लूक सांगतो की स्त्रियांनी कबरेवरून आणलेली बातमी प्रेषितांना वायफळ वाटली. मत्तयाच्या शेवटी, गालीलातल्या डोंगरावर, नमन करणाऱ्यांतच काहींना संशय आहे. योहान तर दोनदा लिहितो, एकदा मंदिरातल्या प्रसंगी आणि एकदा गाढवावरून नगरात येण्याच्या प्रसंगी, की शिष्यांना हे सारे नंतर आठवले आणि तेव्हा उमगले. घटना आधी घडली, आठवण मागून आली आणि शास्त्राचा अर्थ सर्वांत शेवटी लागला. आपण मात्र उलट्या टोकाने सुरू करतो. आधी अर्थ हवा, मग विश्वास ठेवू, असे म्हणतो आणि दारातच अडकतो.

म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. ईस्टरचे वाचन ईस्टरच्या दिवशी संपवू नका. उपवासकाळाचे चाळीस दिवस आपण किती नेमाने पाळतो! मासे-मटण सोडतो, क्रूसाची वाट करतो. पण त्यापुढचा पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो आणि तो आपण एका दुपारच्या जेवणात उरकतो. एक साधी वही घ्या. पन्नास दिवस रोज पंधरा मिनिटे ठेवा. घरात जमत नसेल तर लोकलमध्ये ठेवा.

पहिल्या आठ दिवसांचे वाचन निवडायची गरजच नाही, कारण चर्चनेच ते नेमून दिलेले आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारी मत्तयातल्या स्त्रिया आणि लाच घेतलेले पहारेकरी भेटतात. मंगळवारी कबरेपाशी रडणारी मरीया, बुधवारी अम्माऊसची वाट, गुरुवारी शिष्यांसमोर भाजलेला मासा खाणारा येशू, शुक्रवारी सरोवराकाठची न्याहारी आणि शनिवारी मार्काचा समारोप. पुढच्या रविवारी दरवर्षी थोमा असतोच. रोजच्या मिस्साला किती जण जातात? म्हणून हा आठवडा बहुतेकांच्या हातून निसटतो. तो घरी धरा.

वाचताना चारही वृत्तान्त एकत्र कालवू नका. कबरेपाशी देवदूत किती होते, एक की दोन? स्त्रिया किती होत्या? असे प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवायला बसलात तर चौघांपैकी एकाचेही ऐकून होणार नाही. घरात मोठी घटना घडली की आई, काका, शेजारीण आपापल्या जागेवरून सांगतात, आणि आपण प्रत्येकाचे शेवटपर्यंत ऐकतो. तसेच इथेही.

मार्काबद्दल थोडे थांबून सांगते. त्याच्या सोळाव्या अध्यायात आठवे वचन आहे, आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्याचे शुभवर्तमान तिथेच संपते. स्त्रिया थरथरत कबरेतून पळाल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत, एवढेच त्यात आहे. मार्काच्या वर्षी जागरण विधीचे वाचन सातव्या वचनापाशी थांबते. त्यामुळे फक्त चर्चमध्ये ऐकणाऱ्याच्या कानांवर ते भेदरलेले आठवे वचन त्या रात्री पडत नाही. ते घरी उघडून वाचा. ज्यांना ईस्टरला आनंदापेक्षा गोंधळ जास्त जाणवतो, त्यांची जागा तिथे राखलेली आहे.

आता अम्माऊस. या लेखातला माझा सर्वांत जास्त जीव या प्रसंगात आहे, म्हणून इथे रेंगाळते.

लूक म्हणतो, हे गाव यरुशलेमपासून साठ स्टेडियांवर होते. एक स्टेडिया साधारण १८५ मीटरचा धरला तर अंतर अकरा किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे अंधेरी ते बोरिवलीपेक्षा थोडे कमी. धिम्या लोकलने हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांत कापले जाते. एस. व्ही. रोडने चालत गेलात तर अडीच-तीन तास मोडतात. लूकची तेवीस वचने मोठ्याने वाचायला मात्र चार मिनिटे पुरतात! तीन तासांची वाट आपण चार मिनिटांत आटोपतो आणि मग काही पोहोचले नाही म्हणून हळहळतो.

आमच्या गटाने एका वर्षी ही वाट खरोखर चालायचे ठरवले. पहाटे पाचला, उन्हाच्या आधी, दोघादोघांच्या जोड्या करून निघालो. वाचनाचे तुकडे करून घेतले होते. जोगेश्वरीपर्यंत फक्त दुःख बोलायचे. ते दोघे शिष्य हेच करत होते. आमची फार आशा होती, असे ते भूतकाळात बोलतात. म्हणून प्रत्येकाने आपली एक मोडलेली आशा सोबत्याला सांगायची, आणि सोबत्याने सल्ला द्यायचा नाही. गोरेगावपाशी तो अनोळखी वाटसरू येतो आणि विचारतो की कशाबद्दल बोलता आहात. त्याला सगळे ठाऊक असूनही तो आधी त्यांच्याच तोंडून ऐकून घेतो. मालाडच्या टप्प्यात तो त्यांना रागावतो, मनाने मंद म्हणतो. कांदिवलीपर्यंत मोशे आणि संदेष्टे उलगडून सांगतो. बोरिवलीत संध्याकाळ होते आणि भाकर मोडली जाते. आमच्याकडे अर्थात सकाळ होती. भाकरीऐवजी पाव आणि चहा होता.

त्या चालण्यात एक गोष्ट पायांनीच शिकवली. रागावणे एका टप्प्यापुरते असते आणि सोबत तीन तासांची. येशू त्यांना मंद म्हणतो हे खरे, पण मंद म्हणून सोडून जात नाही. त्यांच्या चालीने चालतो. आणि ते चुकीच्या दिशेने चालले आहेत, यरुशलेमपासून दूर, तरीही तो त्यांना वाटेत वळवत नाही. घरातल्या मुलांना किंवा गटातल्या नवख्यांना शास्त्र शिकवणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावे: आधी विचार, मग ऐक, मग सांग, आणि दिशा त्यांची त्यांना बदलू दे. ते दोघे त्याच रात्री उठून स्वतःहून परत फिरले. पुन्हा अकरा किलोमीटर, तेही अंधारात.

मूळ ग्रीक मजकुरात लूकने या अध्यायात 'उघडणे' हे एकच क्रियापद तीनदा वापरले आहे. भाकर मोडताच डोळे उघडले. मग त्यांना जाणवले की वाटेत त्याने शास्त्रे उघडली होती. पुढे यरुशलेमच्या घरात त्याने सर्वांची मने उघडली. मराठीत आपण डोळे 'उघडले', शास्त्र 'उलगडले' असे वेगवेगळे म्हणतो, म्हणून हा धागा नजरेतून सुटतो. पेन्सिलीने तिन्ही जागा जोडा. क्रमही पाहा. शास्त्र उघडले जात असताना ते ओळखत नाहीत, फक्त काळीज तापते. ओळख पटते ती जेवणाच्या पाटावर. वाचनाच्या वेळी काही 'झाले' नाही म्हणून निराश होऊ नका. ते बहुधा दुसऱ्याच वेळी, ताट वाढताना किंवा कोणाला पाणी देताना उमगेल. तेव्हा वही उघडून तारीख टाका.

आणि लूकची एक गंमत, जिने मला वर्षानुवर्षे छळले. मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत येशूने काय काय समजावले, त्यातले एकही वचन लूक देत नाही. इतका मोठा पाठ झाला आणि त्याची टिपणे नाहीत! योहानही 'शास्त्र' म्हणतो, पण कुठले ते सांगत नाही. पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशी उठवला गेला असे लिहितो, पण वचन देत नाही. ते शोधणे आपल्यावर सोडलेले आहे.

शोधायचे कुठे? पहिल्या आठवड्यानंतर प्रेषितांची कृत्ये उघडा. पुनरुत्थानकाळात चर्चमध्ये पहिले वाचन त्याच पुस्तकातून असते, ते योगायोगाने नव्हे. दुसऱ्या अध्यायात पेत्र सोळाव्या स्तोत्राकडे बोट दाखवतो. तेराव्यात पौल दुसरे स्तोत्र, यशयाचा पंचावन्नावा अध्याय आणि पुन्हा सोळावे स्तोत्र घेतो. आठव्या अध्यायात रथात बसून यशया वाचणारा एक कुशी अधिकारी आहे. फिलिप्प धावत जवळ जाऊन विचारतो की वाचतोस ते कळते का, आणि तो सरळ म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे कळेल. रोज ८.१४ च्या लोकलमध्ये मोबाईलवर बायबल वाचणाऱ्यांना हा माणूस आपला वाटेल. आठवड्याला एकच जुने वचन घ्या: सोळावे स्तोत्र, मग बाविसावे, मग एकशे अठरावे, मग यशया त्रेपन्न, होशेयाच्या सहाव्या अध्यायातला तिसरा दिवस, माशाच्या पोटातला योना. सहा आठवडे भरले.

पण हे करताना एक पथ्य पाळा, आणि मी ते कळकळीने सांगते. आमची ती चाल बोरिवली स्टेशनच्या पुढे आयसी कॉलनीत मंडपेश्वरच्या लेण्यापाशी संपली. शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी ते ताब्यात घेऊन तिथे चॅपेल केले आणि वर मठ उभारला. मठाचे भग्नावशेष अजून आहेत. भिंतीत कोरलेला क्रूस आहे, आणि लेण्यात आज पुन्हा शिवाची पूजा होते. जुन्या दगडावर आपला अर्थ बळाने कोरण्याची ती खूण बघून मी तिथे बराच वेळ गप्प बसले. जुन्या करारातली वचने यहुदी लोकांच्या प्रार्थनेतली आहेत. सोळावे स्तोत्र आधी कोणा संकटातल्या माणसाने रात्री देवाला म्हटले होते. यशयातला दुःखी सेवक म्हणजे इस्राएल, असे यहुदी वाचक वाचत आले आहेत. म्हणून प्रत्येक वचन दोनदा वाचा. पहिल्यांदा, ते ज्याने म्हटले त्याच्या जागी बसून. दुसऱ्यांदा, रिकाम्या कबरेवरून परतलेल्या पेत्राच्या नजरेने. पहिले वाचन पुसून दुसरे करू नका. पहिले जितके खोल जाईल, तितके दुसरे खरे लागेल.

आता शब्दांबद्दल. 'पुनरुत्थान' हा शब्द मोठा आहे, तो राहू द्या. पण वाचताना त्याच्या जागी 'उठणे' घालून पाहा. मूळ ग्रीक क्रियापदही असेच रोजचे आहे. झोपलेल्याला उठवताना, पडलेल्याला उभे करताना तेच वापरतात. मार्क तेच क्रियापद पहिल्या अध्यायापासून पेरत आणतो. तापाने पडलेल्या पेत्राच्या सासूला येशू हात धरून उठवतो. पक्षाघात झालेल्याला ऊठ म्हणतो. हात वाळलेल्या माणसाला उठून मधे ये म्हणतो. बारा वर्षांच्या मृत मुलीला ऊठ म्हणतो. आंधळ्या बार्तीमयाला लोक म्हणतात, ऊठ, तुला बोलावतो आहे. आणि सोळाव्या अध्यायात कबरेतला तरुण स्त्रियांना तोच शब्द ऐकवतो: तो उठवला गेला आहे. एका रविवारी दुपारी मार्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक 'ऊठ'खाली रेघ मारा. आई सकाळी 'ऊठ रे' म्हणते, तोच हा शब्द. मुलांना ईस्टर समजावायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही.

भाषेचा प्रश्न आपल्या उपनगरांत खरा आहे. आजी ईस्ट इंडियन बोलीत बोलते, आई मराठीत प्रार्थना म्हणते, नातवंडे इंग्रजीत बायबल वाचतात. माझा आग्रह असा की निदान पुनरुत्थानाची वचने तिघांनी एकत्र, मराठीत वाचावीत. आपल्या भाषेत ख्रिस्ताची कथा आजची नाही. इंग्रज येशूसंघी थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, साडेदहा हजारांहून अधिक ओव्यांचे. पहिल्या भागात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी लांबलचक जुनी कथा ऐकावी लागे, आणि ख्रिस्त तिच्या ओघात येई. अम्माऊसच्या वाटेवरचाच तो क्रम! ते काम करत होते त्या गोव्यातल्या तालुक्याचे नाव साष्टी, आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ज्यावर वसले आहेत त्या बेटाचे नावही साष्टीच. ओवी गात, थोडे थोडे, पुन्हा पुन्हा ऐकणे हे आपल्या मातीतले वाचन आहे. शेजारच्या इमारतीत सप्ताहाला पारायण बसते, तेव्हा प्रत्येक ओवीचा अर्थ लागेपर्यंत कोणी अडून बसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पोथी येणार हे ठाऊक असते. आपणही तसेच बसावे.

भाषांतरे दोन तरी जवळ ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याआधी काम पुरे झाले होते. अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल आजच्या वाचकासाठी फार उपयोगी आहे, आणि त्यातल्या टिपा नवख्याला हात देतात. दोन भाषांतरांत जिथे शब्द वेगळा दिसेल, तिथे बोट ठेवून थांबा. शंका तिथेच डोके वर काढते, आणि अर्थही बहुधा तिथेच सापडतो.

हळूहळू उमगण्याची आपल्याकडची सर्वांत ओळखीची कथा नारायण वामन टिळकांची. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, भांडत गेले, प्रश्न लिहीत गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना तिथवर यायला आणखी पाच वर्षे लागली, आणि त्या आपल्या पायांनी आल्या, नवऱ्याच्या ओढण्याने नव्हे. पुढे टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ख्रिस्तायन त्याच लक्ष्मीबाईंनी पुरे केले. एकाच घरात दोघांची चाल वेगळी असू शकते, हे नवरा-बायकोंनी आणि आई-मुलांनी लक्षात ठेवावे. तुमचा मुलगा अजून जोगेश्वरीला असेल आणि तुम्ही कांदिवली गाठली असेल, तर त्याला ओढू नका.

आता ज्यांच्या घरी यंदा मृत्यू झाला आहे, त्यांच्याशी वेगळे बोलायचे आहे.

माझे वडील गेल्यावर चौथ्या ईस्टरला मी पहाटेच्या विधीनंतर फुले घेऊन दफनभूमीत गेले. आपल्या शहरात जागेची टंचाई अशी की थडगी कायमची नसतात. काही वर्षांनी ती दुसऱ्यासाठी उघडली जातात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. हे मला ठाऊक होते, पण आमची वेळ आली आहे हे ठाऊक नव्हते. कळवणारी चिठ्ठी आमच्या जुन्या पत्त्यावर गेली होती. मी पोहोचले तेव्हा त्या जागी ताजी माती होती आणि क्रुसावर दुसरेच नाव. फुले हातातच राहिली. मला एकच वाक्य सुचत होते, आणि ते मी बहिणीला फोनवर तीन-चारदा बोलले: त्यांना कुठेतरी हलवले आहे, कुठे ठेवले ते कळत नाही. झाडांना पाणी घालणारे एक काका जवळ आले आणि म्हणाले, 'कोणाला शोधताय?' मग त्यांनी मला भिंतीपाशी नेऊन कोनाडा दाखवला.

घरी येऊन योहान उघडला. त्या अध्यायात मरीया हेच वाक्य तीनदा बोलते. पेत्राला, देवदूतांना आणि ज्याला ती माळी समजते त्याला. वीस वर्षे मी ते वाचले होते, पण ते तिघांना सांगितलेले एकच वाक्य आहे हे त्या दिवसापर्यंत दिसले नव्हते. दुःखात माणूस तेच पुन्हा पुन्हा बोलतो. तिच्या बोलण्यात पुनरुत्थान नाही, शास्त्र नाही. तिला फक्त देह हवा आहे. आणि तिला ओळख पटते ती कुठल्याही स्पष्टीकरणाने नव्हे, आपले नाव ऐकल्यावर.

म्हणून शोकातल्या माणसाने पन्नास दिवसांचा बेत बाजूला ठेवावा. योहानाच्या विसाव्या अध्यायातली अकरा ते अठरा एवढी आठ वचने रोज वाचावीत, बस. आणि आपण, जे त्यांना भेटायला जातो, त्यांनी करिंथकरांचा पंधरावा अध्याय तोंडावर फेकू नये. तो त्यांचा ते उघडतील. आपण त्यांचे माणूस नावाने आठवावे. 'तुमचे मिस्टर' असे न म्हणता नाव घ्यावे, त्यांनी केलेली एखादी गोष्ट सांगावी.

गटात वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फादरांना किंवा जाणत्याला शेवटी बोलवा, सुरुवातीला नको. पहिले तीन आठवडे फक्त प्रश्न गोळा करा. प्रश्न जमले की उत्तर देणाऱ्याचेही काम सोपे होते. आणि मे महिना वाया घालवू नका. गावठाणातल्या क्रुसापाशी रोझरी, लदीन होते, उकडलेले चणे वाटतात. ती माणसे तिथे आधीच जमलेली असतात. रोझरीनंतर एकच प्रसंग, पाच मिनिटे, मोठ्याने वाचा. शक्य असेल तर मेच्या दुसऱ्या रविवारी सीप्झच्या आतल्या जुन्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या मिस्साला जा. १५७९ मध्ये, म्हणजे स्टीफन्स गोव्याला उतरले त्याच वर्षी बांधलेले हे चर्च १८४० मध्ये साथीमुळे ओस पडले आणि वस्ती मरोळला गेली. आज कारखान्यांच्या कुंपणाआड त्याच्या भिंती उरल्या आहेत, वर छप्पर नाही. वर्षातून त्या एका दिवशी लोक तिथे परत येतात, अजून पुनरुत्थानकाळ चालू असतानाच. तिथे बसून लूकचा चोविसावा अध्याय ऐकून पाहा.

वहीबद्दल शेवटचे. प्रश्न लिहिताना समोरचे पान कोरे ठेवा आणि वही दरवर्षी तीच वापरा. माझ्या वहीतल्या एका प्रश्नासमोर सहा वर्षे काहीच नव्हते. अम्माऊसपाशी पोहोचल्यावर येशू आपल्याला आणखी पुढे जायचे आहे असे का दाखवतो? त्याला तर त्यांच्याकडेच थांबायचे होते ना? मी टीकाग्रंथ चाळले, दोन फादरांना विचारले. त्यांनी दिलेली उत्तरे चांगली होती, तरी लिहावीशी वाटली नाहीत.

गेल्या वर्षी बुधवारच्या गटात हा प्रसंग पुन्हा आला. मी प्रश्न मोठ्याने विचारला. कोपऱ्यात बसलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या त्या आजी जपमाळ थांबवून म्हणाल्या, 'अगो पोरी, आग्रह केल्याबिगर पाहुणा कधी पाटावर बसतो का?'

कोऱ्या पानावर मी तारीख घातली आणि तेवढेच लिहिले.